डाव्या नळीतली पुंगळी

आमच्या घरात चिंच कधी पुरली नाही. उन्हाळ्यात काकी दोन मोठी गाडगी भरून चिंच मिठात दाबून ठेवायची आणि दिवाळी यायच्या आत गाडग्यांचा तळ दिसायला लागायचा. आल्यागेल्याला वाटायचं, या घरात आमटी फार आंबट खातात. खरी गोष्ट अशी की आमची निम्मी चिंच बंदूक खायची.

माझे थोरले चुलते, ज्यांना सगळं मांडवगण गाव तात्या म्हणायचं, त्यांच्याकडे पीक राखणीच्या परवान्यावरची दुनळी बंदूक होती. नदीच्या काठच्या काटवनातून रानडुकरांचे कळप उसात यायचे आणि उसातून रताळ्याच्या वाफ्यात. एका रात्रीत नांगरट केल्यासारखं रान उकरून टाकायचे. तात्या डुकराला मारायचे नाहीत. कळपाच्या डोक्यावरून एक बार काढायचे. त्या आवाजानं कळप आठ दिवस फिरकायचा नाही. काकी म्हणायची, "एवढी जड बंदूक घ्यून निस्ता आवाजच करायचा तर घरचा पत्रा वाजवा की." त्यावर तात्या मिशीत हसायचे आणि बंदुकीला तेल लावत बसायचे.

नवी काडतुसं पुण्याहून आणावी लागायची आणि ती मिळायची मारामार. म्हणून तात्यांनी जुन्या काळातली पितळी काडतुसं जपून ठेवली होती. बार उडाला की मागं राहते ती रिकामी पितळी पुंगळी. ती धुवायची, पुसायची आणि पुन्हा भरायची. भरायचं काम तात्या एकटे करायचे, दिवसाउजेडी, पडवीच्या कोपऱ्यातल्या खोलीत. त्या खोलीचा उंबरा ओलांडायची कुणाला मुभा नव्हती. आतून तात्यांचा फक्त खाकरण्याचा आवाज यायचा आणि दाराबाहेर आमची मांजर पंजा चाटत बसलेली असायची. पण भरायच्या आधीचं काम, म्हणजे पुंगळ्या घासायचं आणि निवडायचं, ते मात्र माझं होतं. घरातल्या कुठल्याच मुलग्याला त्याचा धीर नव्हता आणि मला दुसऱ्या कुठल्याच कामाचा नव्हता.

चिंचेच्या कोळात पुंगळ्या भिजवायच्या, राख आणि नारळाच्या शेंडीनं घासायच्या, आतून काडीला चिंधी गुंडाळून पुसायच्या आणि उन्हात ओळीनं उभ्या करायच्या. घासलेलं पितळ उन्हात असं चमकायचं की कावळे येऊन बघून जायचे. सगळ्या पुंगळ्या दिसायला सारख्या, पण एकेकीचा स्वभाव निराळा. पाच-सहा वेळा बार झाला की पितळ थकतं. एखादी पोटात फुगते, मग ती नळीत नीट बसत नाही. एखादीचं तोंड चिरतं. एखादीची मागची कड वाकते, ती आत जाते सुखानं पण बाहेर यायचं नाव घेत नाही. तात्या बंदुकीची नळी सोडवून माझ्या मांडीवर द्यायचे आणि मी एकेक पुंगळी त्यात घालून बघायची. अलगद गेली आणि उलटं केल्यावर अलगद बाहेर पडली, तर चांगली. जरा जरी अडली तर ती बाजूच्या टोपलीत.

त्या टोपलीतल्यांना मी नावं ठेवली होती. पोटात फुगलेलीचं नाव सरपंच. तोंड चिरलेली, जिच्यात फुंकर मारली की सूं असा आवाज यायचा, ती आमचे दात पडलेले गुरुजी. आणि आत गेल्यावर बाहेर न निघणारी ती काशीआत्या, कारण माझी काशीआत्या चार दिवसांसाठी माहेरी आली की दोन महिने राहायची. एकदा तात्यांनी विचारलं, "ही का काढली?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती काशीआत्या हाय." तात्यांनी पुंगळी हातात फिरवली, वाकलेली कड बघितली आणि म्हणाले, "व्हय, हाय खरी." काशीआत्या त्यांची सख्खी बहीण होती.

आता इतक्या वर्षांनी, शिरूरच्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात बसून हे लिहिताना, गुडघ्यावर तेल चोळता चोळता, मला कळतं की मला जगातलं पहिलं शिक्षण त्या नळीनं दिलं. शाळेत गुरुजी सांगतील ते बरोबर असायचं. इथं कुणाचं सांगणं चालायचं नाही. पुंगळी बसते किंवा बसत नाही. पण हे शहाणपण आताचं. तेव्हा मला त्यातली फक्त गंमत कळत होती.

त्या वर्षी दिवाळीला सुमनताई आणि दाजी आले. सुमनताई तात्यांची थोरली मुलगी, माझी चुलत बहीण. तिला तळेगाव ढमढेरेला दिलेली. दाजींचं तिथं खत-बियाण्याचं दुकान होतं. दाजी उंच, गोरे, केसांना वासाचं तेल लावणारे, आणि बोलायला बसले की उठणारे नव्हते. घरात जावई आला म्हणजे काकीच्या अंगात यायचं. पहाटे उटणं, मग करंज्या, चकल्या, दुपारी मासवडी आणि तिचा झणझणीत रस्सा, संध्याकाळी पुन्हा काहीतरी तळण. सगळं घर दाजींच्या ताटाभोवती फिरायचं. मासवडीच्या कडेच्या फोडी आम्हा पोरांना मिळायच्या, मधल्या सारणाच्या दाजींना. हे मी अजून विसरलेले नाही.

पण माझा राग मासवडीचा नव्हता. दाजी शिकारीच्या गोष्टी सांगायचे. ताम्हिणीच्या घाटात त्यांनी बिबट्या कसा टिपला, रात्री जीपच्या उजेडात कोल्हा कसा एका गोळीत लोळवला. आमच्या ओट्यावर माणसं जमायची. आणि एका दुपारी मी अंगणात पुंगळ्या घासत बसले असताना दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, काडतुसाला बाईमाणसाचा हात लागू द्यायचा न्हाई. नेम चुकतो. आमच्याकडं असलं चालत न्हाई."

ओट्यावरची माणसं हसली. सासऱ्यानं जावयाला उलटून बोलायची रीत नव्हती. तात्यांनी नुसती पानाची चंची उघडली. माझ्या हातात त्या वेळी नेमका सरपंच होता. मी त्याच्याकडं बघितलं, दाजींच्या पोटाकडं बघितलं आणि माझ्या मनात विचार शिजायला लागला.

दुसऱ्या दिवशी घरात वेगळीच कुजबूज सुरू झाली. आदल्या रात्री रताळ्याचा निम्मा वाफा उकरला गेला होता, म्हणून तात्या संध्याकाळी माळ्यावर बसणार होते. माळा म्हणजे रानात चार मेढी रोवून त्यावर बांधलेली फळ्यांची बैठक. दाजींनी हट्ट धरला, मीही येणार. एवढ्यावर थांबले असते तर ठीक, पण काकी चुलीपुढून तात्यांना म्हणाली, "जावयाचं मन मोडू नका. एक बार त्यांना उडवू द्या." तात्या "हं" म्हणाले. आता तात्यांच्या "हं"चे चार अर्थ व्हायचे. मी त्यातला माझ्या सोयीचा उचलला. दाजी आज बार उडवणार.

दुपारी घर सुस्त झालं तेव्हा मी सरपंचाला टोपलीतून काढलं. भरायच्या खोलीत जायची माझी हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती. मला खरं काडतूस करायचं नव्हतं, तसं दिसणारं करायचं होतं. कणगीतली मूठभर बाजरी मी पुंगळीत ओतली, वहीच्या पुठ्ठ्याची चकती कापून वर दाबली आणि दिवाळीच्या मेणबत्तीचं मेण वितळवून तिच्यावर तात्या करतात तसा गोल थर दिला. थंड झाल्यावर बोटानं गुळगुळीत केलं. हातात घेतलं तर मलाच खरं वाटलं. उडणार तर नव्हतंच, पण फुगलेलं असल्यामुळं नळीत दोन बोटं जाऊन तिथंच रुतून बसणार होतं. मग ताम्हिणीचा शिकारी डुकरांच्या समोर, काडतूस घालायला मधून मोडून उघडलेली बंदूक मिटवायची खटपट करत बसणार, आणि ते गावभर होणार. याच्यापलीकडं माझा हिशेब गेला नव्हता.

काडतुसांचा चामडी पट्टा खुंटीला होता. तात्यांनी त्यात सहा काडतुसं भरून ठेवली होती. मी दुसरं काढून डब्यात ठेवलं आणि त्याच्या जागी सरपंच ठासून बसवला. चामडं कुरकुरलं. दिवस कलायला लागला तसे दाजी पट्टा कमरेला बांधून निघाले. तात्यांनी बंदूक खांद्याला घेतली. जाताना दाजी मला म्हणाले, "काय कुंदाबाई, येता का डुकराला राखी बांधायला?"

मी म्हणाले, "तुम्हीच बांधा दाजी."

ते गेले आणि मी काकीजवळ शेंगा फोडत बसले. मनातल्या मनात मी सगळं बघत होते, दाजींचा घामाघूम चेहरा, बंदुकीशी चाललेली झटापट. मला हसू आवरेना. काकी भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढं म्हणलं मी, पर ह्यांनी साफ सांगितलं. परवाना माझ्या नावावर हाय, बंदूक दुसऱ्याच्या हातात जायची न्हाई. जावईबापू निस्ते बसून बघत्याल."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. तव्यावरच्या भाकरीचा वास आणि काकीच्या बांगड्यांचा आवाज. म्हणजे बंदूक तात्यांच्या हातात असणार. दाजी पट्ट्यातून काडतुसं काढून देणार आणि तात्या अंधुक उजेडात, न बघता, विश्वासानं ती नळीत घालणार. माझ्या निवडीवर त्यांचा एवढा विश्वास होता की मी निवडलेली पुंगळी ते कधी दुसऱ्यांदा तपासायचे नाहीत.

मी उठले आणि पळत सुटले. काकी मागून ओरडली, कुठं निघाली कार्टी. मी थांबले नाही. ओढ्याची उतरण, मग पाटाच्या कडेची पायवाट, मग आमचा ऊस. अंधार दाटत कडूसं पडायला लागलं होतं. उसाच्या पानांची करवत हाताला लागत होती. आता त्याच शिवारात बिबट्यांच्या भीतीनं माणसं दिवसासुद्धा एकटी उसात जात नाहीत आणि मी नातीला फोनवर दहादा बजावते. त्या वेळी मला डुकराचीही भीती वाटली नाही. एकच दिसत होतं, तात्यांच्या हातात उघडी पडलेली बंदूक.

रताळ्याच्या वाफ्याशी पोचले तेव्हा मला माळा दिसला आणि माळ्यावर दोन आकृत्या. तात्या उभे होते. बंदूक मधून मोडलेली, नळ्या खाली झुकलेल्या, आणि ते तळव्यानं काहीतरी आत दाबत होते. म्हणजे उशीर झाला होता. मी "तात्या" म्हणून हाक मारली आणि त्याच वेळी तात्यांनी मान वळवून मला बघितलं. त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. "कुंदे, मागं फिर. जागची हालू नगंस. मागं फिर."

दोन उलट हुकूम एका दमात. मला दोन्हीही पाळता आले नाहीत, कारण माझ्या आणि माळ्याच्या मधल्या उसातून डुकरीण बाहेर आली होती. मागं तिची चार-पाच पिल्लं. पिल्लं असली की मादी माणसाला जागा देत नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ती थबकली. तिनं नाक वर केलं. मला तिच्या मानेवरचे उभे केस दिसत होते आणि तिच्या श्वासाचा भात्यासारखा आवाज येत होता. माळ्यावर तात्या बंदूक मिटवायला बघत होते आणि ती मिटत नव्हती.

मग माळ्यावरून काहीतरी मोठं खाली पडलं. ते दाजी होते. दीड पुरुष उंचीवरून त्यांनी सरळ उडी घेतली होती. खाली पाटाचे दगड होते, त्यावर त्यांचा पाय वाकडा पडला आणि ते कण्हले, पण थांबले नाहीत. लंगडत, बोंबलत, कमरेचा पट्टा सोडून तो डोक्याभोवती गरागरा फिरवत ते माझ्या आणि डुकराच्या मधे येऊन उभे राहिले. पट्ट्यातली काडतुसं सुटून चहूकडं उडत होती. ते काय ओरडत होते ते मला सांगता येणार नाही, कारण त्यात सुमनताईच्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार होता. डुकरीण क्षणभर बघत राहिली. असला प्राणी तिनंही पूर्वी बघितला नसावा. मग ती वळली आणि पिल्लांना घेऊन उसात शिरली.

दाजी खाली बसले. थोड्या वेळानं अगदी शांतपणे म्हणाले, "मामा, पाय गेला वाटतं."

त्यांना बैलगाडीतून घरी आणलं, सकाळी शिरूरच्या डॉक्टरकडं नेलं. घोट्याच्या वर हाड मोडलं होतं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे, पाय हलवायचा नाही, जीपचा प्रवास नाही. म्हणजे ज्या माणसाची मला गावभर फजिती करायची होती, तो आता सहा आठवडे आमच्या घरात मुक्कामाला होता. काकीनं त्याच दिवशी डोळे पुसत मासवडीचं वाटण काढलं.

बंदुकीला मात्र तात्यांनी हात लावू दिला नव्हता. डाव्या नळीत अडकलेलं काडतूस जिवंत आहे असंच ते धरून चालले होते. घरात ठोकाठोक करायची नाही, दौंडला पीटर मिस्त्रीकडं न्यायचं. पीटर मिस्त्री रेल्वेच्या कारखान्यात हयात काढलेला म्हातारा, आणि बंदुकीची कामं करायचा रीतसर परवाना त्याच्याकडं होता. तिसऱ्या दिवशी तात्यांनी बंदूक गोणपाटात गुंडाळली, परवान्याची वही खिशात घातली आणि मला म्हणाले, "चल संगं." का ते सांगितलं नाही.

दौंडला मी पूर्वी एकदाच गेले होते. इंजिनांचा धूर आणि शिट्या, स्टेशनाबाहेर भज्यांचा वास, गाडी सुटली की हमालांची आरडाओरड. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी चालताना दहा वेळा थांबले असते. त्या दिवशी मी तात्यांच्या टाचांकडं बघत चालत होते. मिस्त्रीचं दुकान एका गल्लीत होतं. आत एक लेथ, भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्याखाली हत्यारं अशी टांगलेली की एकेकाच्या आकाराची काळी रेघ मागं भिंतीवर काढलेली. मिस्त्री बारीक, जाड भिंगाच्या चष्म्याचा. त्यानं बंदूक टेबलावर ठेवली, आम्हाला मागं सरकवलं आणि काडतुसाच्या मागच्या बाजूवर भिंग धरलं.

बराच वेळ तो बघत राहिला. मग म्हणाला, "तात्या, इधर आओ. ही टिकली बघा."

काडतुसाच्या बुडाशी टिकली असते. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटतो आणि बार उडतो. उडालेल्या टिकलीवर खड्डा पडतो. नव्या काडतुसाला तात्या नवी टिकली बसवायचे. मी माझ्या सरपंचाला सगळं केलं होतं, मेणसुद्धा गुळगुळीत केलं होतं, पण खालची जुनी टिकली तशीच होती.

"खड्डा हाय," मिस्त्री म्हणाला. "ही आधीच उडालेली हाय. टिकली न बदलता पुंगळी कुणी भरते काय?"

मिस्त्रीनं नळीच्या तोंडातून लाकडी दांडी आत सारली, वर दोन हलके टोले मारले. सरपंच निसटून टेबलावर पडला, मेण फुटलं आणि बाजरी वर्तमानपत्रावर पसरली. मिस्त्रीनं चार दाणे उचलून तोंडात टाकले.

"बाजरी," तो म्हणाला. "चांगली हाय. नई बाजरी." आणि मग त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. त्यानंतर तात्यांनीही.

मला वाटलं होतं ते मारतील. त्यांनी मिस्त्रीला राम राम केला, बंदूक गुंडाळली आणि आम्ही बाहेर पडलो. स्टेशनाबाहेर त्यांनी भजी घेतली, निम्मी माझ्या हातावर ठेवली. ती माझ्या हातातच गार झाली. एसटीत बसल्यावर, गाडी गावाबाहेर पडल्यावर, खिडकीबाहेर बघत ते बोलले.

"कुणासाठी केलंस ते मला ठावं हाय. ओट्यावर ते जे बोलले ते मलाबी रुचलं न्हवतं. पर कुंदे, डुक्कर तुझ्यापुढं हुबं हुतं तवा माझ्या हातात बंदूक न्हवती. दांडकं हुतं. तेवढा वेळ मी कसा काढला ते माझं मला ठावं."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "घरात मी काय सांगणार न्हाई. ज्याचा पाय मोडला त्याला तू सांग. कवा सांगायचं ते तुझं तू ठरव."

ठरवायला मला महिना लागला. त्या महिन्यात दाजींनी मला हुकुमाचं माणूस करून टाकलं. पाणी आण, उशी सरळ कर, प्लास्टरच्या आत खाजतंय, उसाचं चिपाड आण. मी मुकाट्यानं करायचे. माझ्या आईला संशय यायला लागला, एवढी गुणी झाली कशी. काकीला वाटलं, जावयाच्या सहवासानं पोरीला वळण लागलं. मी दोनदा सांगायला गेले आणि दोन्ही वेळा ओट्यावर कुणीतरी टेकायला आलं. दाजी डुकराची गोष्ट सुरू करायचे आणि मी परत यायचे. एक चमत्कारिक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. त्या दिवसापासून त्यांनी ताम्हिणीचा बिबट्या एकदाही काढला नव्हता.

शेवटी एका दुपारी घरातल्या बायका नदीवर धुणं घेऊन गेल्या होत्या. दाजी पाय उशीवर ठेवून शेंगा खात होते. मी समोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सरपंच, बाजरी, मेण, पट्टा, सगळं. मान वर केली नाही.

दाजींनी शेंगेची टरफलं गोळा केली.

"म्हंजी," ते म्हणाले, "मामांनी बंदूक मला दिली असती तर ते माझ्या हातात अडकलं असतं."

"व्हय."

"मग बरं झालं असतं."

मला कळेना. त्यांनी दाराकडं बघितलं, कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुला सांगतो, पर कुणाला बोलायचं न्हाई. मी जल्मात बंदूक उडवलेली न्हाई. धरलीबी न्हाई. त्या गोष्टी आमच्या दुकानात एक जुने जंगल खात्यातले गृहस्थ येतात, त्यांच्या. मी जल्मात मारलेलं सगळ्यात मोठं जनावर म्हंजी घूस, तीबी चपलेनं. त्या दिवशी माळ्यावर मी देवाची करुणा भाकत बसलो हुतो, की मामांनी बंदूक माझ्याकडं देऊ नये."

"आन् मग उडी कशी मारली?"

त्यांनी विचार केला. मला वाटतं, त्यांनी स्वतःलाही हा प्रश्न तोवर विचारला नव्हता. "ते काय ठरवून न्हाई केलं," ते म्हणाले. "बंदूक असती तर मारली नसती बहुतेक. हातात काय न्हवतं म्हणून मारली."

मग त्यांनी मला मेण किती वितळवलं, चकती कशानं कापली, हे सगळं नीट विचारलं. माझी पुंगळ्यांची टोपली मागवली आणि कुठली का टाकली ते एकेक करून समजावून घेतलं. सरपंच, गुरुजी आणि काशीआत्या ऐकल्यावर ते इतके हसले की प्लास्टरमधला पाय दुखला. ज्या माणसानं काडतुसाला बाईचा हात नको म्हटलं होतं, तोच माणूस संध्याकाळपर्यंत नळी मांडीवर घेऊन पुंगळ्या घालून बघत होता आणि दर चौथ्या पुंगळीला मला विचारत होता, ही टाकायची का गं.

प्लास्टर निघालं आणि जायचा दिवस आला. काकीनं करंज्यांचा डबा भरला, तात्यांनी जावयाला टोपी-उपरणं दिलं. जीप दारात उभी होती. दाजींनी उपरणं खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "मामा, मला आनखी एक पाहिजे. रागवू नका."

तात्या म्हणाले, "बोला की."

"कुंदीला माझ्यासंगं द्या. हितली शाळा यंदा सातवीला संपती. आमच्या तळेगावला हायस्कूल हाय, राहिलेली सातवी तिथंच करील. सुमनच्या हाताखाली राहील. हिचं डोकं घरात ठेवलं तर ते कुणाचा तरी पाय मोडील."

ओट्यावर सगळे हसले. हसण्याचं खरं कारण तिघांनाच ठाऊक होतं. आई नको म्हणाली, पोरीची जात, परक्या घरात कशी राहील. वडील आईकडं बघत राहिले. तात्यांनी कुणाला विचारलं नाही. ते आत गेले, माझे दोन परकर आणि वह्या पिशवीत घालून घेऊन आले आणि पिशवी जीपमध्ये ठेवली. मला जवळ घेतलं नाही की उपदेश केला नाही. "जपून ऱ्हा," एवढंच म्हणाले आणि ते मला म्हणाले की दाजींना, हे मला कळलं नाही.

तळेगावला पोचलो तेव्हा आठवडे बाजाराचा दिवस होता. दारात दाजींच्या आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. दाजींना आधार देऊन आत बसवलं. शेजारपाजार जमला, दुकानातली माणसं आली. त्यांच्या आईनं विचारलं, "आरं, एवढं झालं तरी काय? चिठ्ठीत धड काय लिहिलं न्हाईस."

दाजींनी पाणी प्यायलं, उपरण्यानं तोंड पुसलं आणि सुरुवात केली. ऊस होता, कडूसं पडलं होतं, मामांच्या बंदुकीत काडतूस अडकलं, जुनं पितळ, अडकतं कधीकधी. आणि समोर डुक्कर. त्यांनी हात पसरून दाखवले. "केवढं म्हणता? चांगलं रेडकाएवढं."

कुणीतरी मागून हळूच हसलं. दाजींनी माझ्याकडं बघितलं. सगळ्या घरानं माझ्याकडं बघितलं. मी त्या घरात नवीन होते, पिशवी अजून हातातच होती. मला ती डुकरीण आठवत होती, जेमतेम माझ्या कमरेइतकी.

"रेडकाएवढं न्हाई," मी म्हणाले. "रेड्याएवढं."